माइक दुसऱ्याच्या हातात देण्याआधी: हॅम रेडिओ, लायसन्स नसलेला पाहुणा आणि परदेशातला आवाज

हॅम रेडिओ म्हणजे लायसन्स काढून हौसेखातर चालवलेलं बिनतारी संपर्काचं केंद्र, आणि ते चालवणारा तो हॅम किंवा हौशी. गच्चीवर अशा केंद्राचा अँटेना उभा राहिला की थोड्याच दिवसांत गल्लीतलं कुणीतरी येऊन विचारतंच, "ह्याच्यावरून अमेरिकेला फुकट बोलता येतं म्हणे. आमचं पोरगं तिथंच आहे, द्या की लावून." लातूर काय, नांदेड काय, संभाजीनगर काय, प्रश्न सगळीकडे सारखाच. उत्तर एका वाक्यात सांगायचं तर लायसन्स नसलेल्या माणसाला भारतातून परदेशी हॅमशी बोलू देता येत नाही आणि त्याच्या वतीने घरगुती निरोपही पाठवता येत नाही. शेजारी बसून ऐकायला मात्र कुणाची हरकत नाही. अपवाद आहे तो आपत्तीचा, आणि त्याचीही ठरलेली वाट आहे.

एवढ्यावर भागत नाही, कारण अमेरिकेतल्या केंद्रावरून लहान पोरं बोलताना आपण ऐकतो. मग तिकडे चालतं ते इकडे का नाही, असं कुणीही विचारणार. त्यासाठी नियम कसे जुळतात ते क्रमाने पाहावं लागतं.

आधी तिसरा कोण ते ठरवा

हॅमच्या बोलीत ह्याला 'थर्ड पार्टी ट्रॅफिक' म्हणतात. पहिला पक्ष म्हणजे तुम्ही, लायसन्सवाले. दुसरा पक्ष समोरच्या केंद्रावरचा लायसन्सवाला. ज्याच्या वतीने किंवा ज्याच्यासाठी बोलणं चाललंय असा ह्या दोघांपलीकडचा जो कुणी, तो तिसरा.

इथे एक गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. तिसऱ्याने स्वतः माइकवर बोलणं आणि त्याचा निरोप तुम्ही तुमच्या आवाजात वाचून दाखवणं, नियमाला दोन्ही सारखंच. "बोलतोय तर मीच ना," हा बचाव टिकत नाही.

उलट, शेजारी बसलेल्याकडे स्वतःचं चालू लायसन्स असेल, तर आंतरराष्ट्रीय नियमाच्या अर्थाने तो तिसरा होत नाही, तोही हौशीच. मात्र तुमचं केंद्र त्याने चालवायचं असेल, तर तुमच्या लायसन्सच्या अटी त्याबद्दल काय म्हणतात ते पाहून घ्या आणि लॉगमध्ये, म्हणजे केंद्राच्या नोंदवहीत, त्याची नोंद ठेवा. वय, शिक्षण, अनुभव ह्यांचा इथे संबंध नाही. लायसन्स मिळालेली तेरा वर्षांची मुलगी हौशी ठरते, आणि आयुष्यभर आकाशवाणीच्या ट्रान्समीटरवर काम केलेले पण हॅमचं लायसन्स न काढलेले काका तिसरे ठरतात. काकांना राग येतो, पण नियम तसाच आहे.

जगाचा नियम

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीत कलम २५ हे हौशी सेवेचं. २००३ साली जिनेव्हाच्या जागतिक परिषदेत ते नव्याने लिहिलं गेलं. त्यातली तीन उपकलमं आपल्या कामाची. २५.१ प्रमाणे वेगवेगळ्या देशांतल्या हौशी केंद्रांनी एकमेकांशी बोलायला मोकळीक आहे, फक्त त्यातल्या एखाद्या देशाने हरकत कळवलेली नसावी. २५.२ प्रमाणे हे बोलणं हौशी सेवेच्या उद्देशापुरतं, म्हणजे स्वतः शिकणं, आपसात संपर्क आणि तांत्रिक प्रयोग ह्यांपुरतं असावं. जोडीला वैयक्तिक स्वरूपाच्या चार गोष्टी चालतात. तिसऱ्या पक्षाचा प्रश्न २५.३ मध्ये येतो. तिसऱ्याच्या वतीने आंतरराष्ट्रीय संदेश फक्त आणीबाणीत किंवा आपत्तीच्या मदतकार्यात. त्याला लागूनच पुढचं वाक्य आहे की आपल्या हद्दीतल्या केंद्रांना हे कसं लागू करायचं ते प्रत्येक देशाच्या प्रशासनाने ठरवावं.

ह्या पुढच्या वाक्यामुळेच देशादेशांत फरक पडला. काहींनी दार उघडं ठेवलं, काहींनी आपसात करार केले, काहींनी बंद ठेवलं.

मुळात ही बंदी आली पैशापायी. टेलिफोन आणि तार ही बहुतेक देशांत सरकारी खाती होती, आणि हौशी लोक फुकटात निरोप पोचवू लागले तर खात्याचा महसूल बुडणार. ट्रंक कॉल बुक करून तासन् तास बसलेली पिढी अजून आपल्या घरांत आहे. तिला हे वेगळं समजावून सांगायला नको. अमेरिकेत ह्याच्या उलट घडलं. व्हिएतनाम युद्धात तिथल्या हौशींनी रेडिओला टेलिफोनची जोड देऊन सैनिकांचं घरच्यांशी बोलणं करून दिलं. सिनेटर बॅरी गोल्डवॉटर स्वतः हॅम होते आणि अ‍ॅरिझोनातल्या त्यांच्या केंद्रावरून असे जोडकॉल लावले जात.

भारताची बाजू

आपल्याकडे हौशी सेवेसाठी १९७८ चे नियम आहेत, त्यांत पुढे दुरुस्त्या झाल्या. कारभार दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखेकडे. २०२३ चा दूरसंचार कायदा आल्यापासून १८८५ आणि १९३३ च्या जुन्या कायद्यांची जागा टप्प्याटप्प्याने तो घेतो आहे. त्यामुळे क्लबात फिरणाऱ्या जुन्या झेरॉक्सवर विसंबू नका. तुमच्या लायसन्ससोबत आलेल्या अटी आणि डब्ल्यूपीसीचा ताजा मजकूर समोर ठेवा.

गाभा असा: बोलणं तांत्रिक स्वरूपाचं, चाचण्यांबद्दलचं, आणि ज्यात तुमचा स्वतःचा किंवा समोरच्या हॅमचा थेट संबंध आहे अशा वैयक्तिक गोष्टींबद्दलचं असावं. 'थेट संबंध' ह्या दोन शब्दांतच शेजाऱ्याचा निरोप अडकतो. धंद्याचं बोलणं, जाहिरात, गाणी, राजकीय वादाचे विषय, धार्मिक किंवा जातीय तेढ वाढवणारं काही, हे सगळं वर्ज्य. तुरीचा भाव विचारणं हेसुद्धा धंद्याचंच बोलणं, हे आपल्या भागात मुद्दाम सांगावं लागतं.

केंद्राची जबाबदारी तुमची. लायसन्स नसलेल्याला ते चालवू देता येत नाही. 'मी शेजारीच बसलो होतो' हे कारण इतर काही देशांत चालेल, आपल्याकडे नाही.

समोरच्या देशाची बाजू

अमेरिकेच्या नियमावलीत हा विषय ९७.११५ ह्या कलमात आहे. तिथे लायसन्स नसलेला माणूस हॅमच्या देखरेखीखाली माइकवर बोलू शकतो. अट अशी की लायसन्सवाला तिथे हजर असला पाहिजे आणि सतत ऐकत, लक्ष ठेवून असला पाहिजे. ज्याचं लायसन्स पूर्वी काढून घेतलं गेलंय अशा माणसाला मात्र पाहुणा म्हणून बसवता येत नाही. देशातल्या देशात एवढं पुरे. परदेशी केंद्राशी बोलायचं असेल तर त्या देशाचा अमेरिकेशी तसा करार लागतो, नाहीतर संदेश आणीबाणीचा किंवा आपत्तीच्या मदतीचा असावा लागतो. करारवाल्या देशांच्या यादीत कॅनडा, मेक्सिको, ऑस्ट्रेलिया, इस्रायल, फिलिपिन्स आहेत. भारत नाही. आणि करारातल्या देशाशी तिसऱ्याचं बोलणं झालं, तर शेवटी स्वतःच्या कॉलसाइनसोबत (लायसन्ससोबत मिळणारं केंद्राचं ओळखनाव) समोरच्या केंद्राचं कॉलसाइनही उच्चारावं लागतं.

ब्रिटनमध्ये २०२४ च्या फेब्रुवारीत लायसन्सच्या अटी सैल झाल्या आणि लायसन्सवाल्याच्या थेट देखरेखीखाली दुसऱ्याला केंद्र वापरता येऊ लागलं. पण ती ढील ब्रिटनच्या बाजूची. तुमच्या बाजूची अट तिने बदलत नाही.

सामाईक विहिरीचं पाणी एका वाटेकऱ्याने परस्पर तिसऱ्याला दिलं तर काय होतं ते बांधावर वाढलेल्या माणसाला ठाऊक आहे. इथेही दोन्ही वाटेकऱ्यांची संमती लागते, आणि जो जास्त कडक त्याचं चालतं.

परदेशी शिकायला गेलेल्या मुलांना हे आणखी एका बाजूने लागू होतं. परभणीचा मुलगा तिथल्या विद्यापीठाच्या रेडिओ क्लबात गेला, तर क्लबच्या हॅमच्या देखरेखीखाली तो टेक्सासहून ओहायोशी बोलू शकतो, कॅनडाशीही. मात्र भारतातलं केंद्र मिळालं की त्याने माइक सोडायचा, समोर गावचाच माणूस असला तरी. त्याने तिथली परीक्षा देऊन स्वतःचं लायसन्स काढलं की तो तिसरा राहत नाही आणि सरळ बोलू शकतो. तिथली परीक्षा द्यायला नागरिकत्व लागत नाही, अमेरिकेतला टपालपत्ता लागतो. हे लायसन्स घेऊन सुट्टीत परभणीला आल्यावर इथून ट्रान्समिट करता येईल असं मात्र समजू नका. भारतातून बोलायला भारताची परवानगी लागते.

प्रत्यक्ष माइकजवळ

आता खऱ्या प्रसंगाकडे. समजा अंबाजोगाईला तुमचं केंद्र आहे. शेजारच्या मावशींचा मुलगा ह्यूस्टनला, त्याच्याकडे अमेरिकी लायसन्स. मावशींना त्याचा आवाज रेडिओवरून ऐकायचाय. हे नियमात बसवता येतं, थोडी पूर्वतयारी लागते.

आदल्या दिवशी मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा: "उद्याचा संपर्क तुझ्यात आणि माझ्यात. मावशी ऐकायला बसतील. 'आई कशी आहेस' म्हणू नकोस, तिला उद्देशून काही बोलू नकोस." हे आधी सांगितलं नाही तर पोरगं पहिल्याच वाक्याला आईला हाक मारतं. त्याचाही दोष नाही.

वेळ ठरवताना दोन्हीकडची घड्याळं बघा. इथे संध्याकाळचे सहा म्हणजे ह्यूस्टनला हिवाळ्यात सकाळचे साडेसहा, उन्हाळ्यात साडेसात. १४ मेगाहर्ट्झचा पट्टा अशा तिन्हीसांजेच्या वेळी लांबच्या संपर्काला बऱ्याचदा साथ देतो. खात्री कुणीच देऊ शकत नाही, आणि मावशींना हे आधीच सांगून ठेवा. संध्याकाळी शेतातल्या मोटारी आणि गल्लीतले स्वस्त एलईडी दिवे जी खरखर करतात तिच्यात दुबळा सिग्नल बुडून जातो.

मावशी आल्या की त्यांची खुर्ची स्पीकरच्या बाजूला, माइकपासून हातभर लांब ठेवा. ट्रान्समिटचं बटण दाबलेलं असताना खोलीतलं सगळं बोलणं हवेत जातं, कुकरची शिट्टीसुद्धा. सरळ सांगा: "मावशी, मी हे बटण दाबलं की हा लाल दिवा लागतो. लाल असला की बोलायचं नाही. विझला की पोराचा आवाज येईल."

"अन् मला बोलू द्यायचंच नाही व्हय?"

"नाही मावशी. सरकारचा नियम आहे. बोलायचं ते नंतर फोनवर बोला."

मग नेहमीसारखा संपर्क करा. कॉलसाइनची देवाणघेवाण, सिग्नल रिपोर्ट (आवाज किती जोरात, किती स्पष्ट येतो ते), तुमचा अँटेना कोणता, त्याचा कोणता, इथे पाऊस झाला की नाही, तिकडे थंडी किती. मुलगा स्वतःच्या अभ्यासाबद्दल, स्वतःच्या सेटबद्दल तुम्हाला सांगतोय, ह्यात गैर काही नाही. तो दुसरा पक्ष आहे आणि गोष्ट त्याची स्वतःची आहे. मावशी ऐकतायत, त्यातही गैर नाही. हवेतला हौशी आवाज सगळ्यांना ऐकू जातो, त्यात लपवण्यासारखं काही नसतंच. संदेशाचा अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक बोलायला उलट मनाई आहे.

'मावशी नमस्कार सांगतायत' एवढं तरी चालेल का, ह्यावर क्लबात वाद होतात. माझं मत स्पष्ट आहे: नको. नमस्कार हाही निरोपच. एकदा नमस्कार गेला की मागोमाग 'औषधं घेतोस ना' येतं, आणि नाही म्हणायची जागा उरत नाही. घरगुती बोलण्यासाठी आज फोन आहे, व्हिडिओ कॉल आहे. त्यासाठी लायसन्स पणाला लावण्यात शहाणपण नाही.

संपर्क संपला की लॉग भरा. तारीख, युटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ (आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा), फ्रीक्वेन्सी, मोड, समोरचं कॉलसाइन, दोन्हीकडचे रिपोर्ट. संध्याकाळी सहाचा संपर्क म्हणजे लॉगमध्ये १२:३०. शेऱ्यात 'एक श्रोता उपस्थित' लिहायची सक्ती नाही, पण मी लिहितो. पुढेमागे कुणी विचारलं तर कागद बोलतो.

समोरून पाहुणा बसवला तर

उलट प्रसंग जास्त वेळा येतो. अमेरिकेतले कुणी आजोबा हॅम तुमच्याशी छान बोलत असतात आणि मध्येच म्हणतात, माझा नातू तुम्हाला हॅलो म्हणतोय. यादीत भारत नाही हे त्यांनी पाहिलेलं नसतं. उद्धटपणा न करता लगेच थांबवा: "सॉरी, नो थर्ड पार्टी ट्रॅफिक विथ इंडिया. प्लीज गिव्ह हिम माय बेस्ट विशेस आफ्टर वी साइन." बहुतेक जण चटकन समजतात आणि माफी मागतात. पोराने आधीच हॅलो म्हणून टाकलं असेल तर त्याला उत्तर देऊ नका. आजोबांचं कॉलसाइन घेऊन आजोबांशीच बोला. एका हॅलोपायी आभाळ कोसळत नाही. तुम्ही पाच मिनिटं त्याच्याशी गप्पा मारल्यात तर मात्र तो प्रसंग तुमचाही होतो.

इंटरनेटची जोड, शाळा आणि अवकाशस्थानक

इंटरनेटवरून जोडलेल्या हॅम केंद्रांचं थोडक्यात: एकोलिंकसारखी सेवा खातं उघडण्याआधी लायसन्स तपासते, कारण दुसऱ्या टोकाला खरा रेडिओ असतो. मित्राच्या खात्यातून बोलणं म्हणजे मित्राच्या माइकवरून बोलणं. आणि आपलं केंद्र टेलिफोनला किंवा दुसऱ्या जाळ्याला परस्पर जोडण्याच्या भानगडीत पडू नका.

स्काउटांचा 'जांबोरी ऑन द एअर' दर वर्षी ऑक्टोबरात असतो, १९५७ पासून. ज्या देशांत परवानगी आहे तिथली मुलं स्वतः बोलतात. आपल्याकडे शाळेत केंद्र लावणार असाल, तर त्या कार्यक्रमासाठी डब्ल्यूपीसीचं लेखी पत्र आहे का ते मुख्याध्यापकांनी नाही, लायसन्सवाल्याने बघायचं. पत्र नसेल तर बोलेल तो हॅम. मुलांनी कॉलसाइन लिहून घ्यावं, नकाशावर खूण करावी, रिपोर्टचा अंदाज बांधावा. ह्यातही मुलं रमतात.

आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकातल्या अंतराळवीरांशी शाळांचं बोलणं घडवणारा एरिस हा उपक्रम आहे. त्याचीही आखणी करताना त्या देशातले तिसऱ्या पक्षाचे नियम बघावे लागतात. स्थानकाचा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर खाली येतो आणि एका फेरीत साधारण दहा मिनिटं मिळतात. लायसन्स काढण्याआधी मुलांना हॅमची गोडी लावायची असेल तर वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकता येणारे रेडिओ रिसीव्हर, हे सोपं साधन. नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडतो आणि युरोपातले हॅम काय बोलतात ते हिंगोलीत बसून ऐकता येतं. सेट विकत घ्यावा लागत नाही.

आपत्तीत दार उघडतं ते असं

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३:५६ ला किल्लारीची जमीन हलली तेव्हा मोबाइल नव्हते. आज आहेत, पण टॉवरची वीज आणि फायबर तुटली की सगळे एकदमच गप्प होतात. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद विशेष परवानगीने अंदमानात हॅम केंद्र चालवत होत्या. त्सुनामी आली आणि त्याच केंद्रावरून पोर्ट ब्लेअरहून लोकांची ख्यालीखुशाली बाहेर जाऊ लागली.

भारतीय नियम अशा वेळी तिसऱ्याचे संदेश हाताळू देतो, पण ज्याचा-त्याचा नाही. भूकंप, पूर, चक्रीवादळ, मोठी आग अशा नैसर्गिक आपत्तीशी संबंधित, आणि सक्षम मुलकी अधिकाऱ्याकडून निघालेले व अशाच अधिकाऱ्याला उद्देशून असलेले संदेश. आपल्यासाठी व्यवहारात तो अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमून दिलेला माणूस. त्यामुळे पूर आल्यावर सेट घेऊन धावत सुटण्याआधी तुमच्या जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात जाऊन नाव, कॉलसाइन, फोन नंबर नोंदवून या. हे काम उन्हाळ्यात करायचं. सप्टेंबरात सीना-मांजरा भरून वाहू लागल्यावर तिथे कुणाला तुमच्याशी बोलायला सवड नसते.

संदेश घ्यायचा तो तोंडी नको. कागदावर घ्या: क्रमांक, तारीख आणि वेळ, कुणाकडून, कुणाला, मजकूर, अधिकाऱ्याची सही. मजकूर छोटा ठेवा. 'परिस्थिती गंभीर, मदत पाठवा' ह्याचा उपयोग नाही. कोणतं गाव, किती माणसं, होडी हवी की औषध, हे हवं. वाचून दाखवल्यावर समोरच्याकडून शब्दशः परत वाचून घ्या, आकडे एकेक करून: 'पंधरा' म्हटल्यावर 'एक-पाच'. पोचल्याची वेळ त्याच कागदावर टाका आणि कागद फाडू नका. परदेशात जाणारा संदेश असेल तर तोही ह्याच वाटेने, अधिकाऱ्याच्या सहीनेच जाऊ द्या. आपत्ती आहे म्हणून गर्दीतल्या प्रत्येकाचं दुबईला बोलणं करून देता येत नाही. त्या वेळी ते फार कठोर वाटतं. पण एकच वाहिनी असते आणि तिच्यावर आधी होडीचा निरोप जायचा असतो.

ज्याला खरंच बोलायचंय त्याच्यासाठी

मग वाट एकच, स्वतःचं लायसन्स. वयाची अट १२ वर्षं पूर्ण. दोन दर्जे आहेत: रिस्ट्रिक्टेड, ज्यात मोर्सची (तारेच्या 'कड-कट्ट' सांकेतिक लिपीची) परीक्षा नाही आणि कॉलसाइन व्हीयू३ ने सुरू होतं, आणि जनरल, ज्यात मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाचं मोर्स आहे आणि कॉलसाइन व्हीयू२. परीक्षेत रेडिओची मूलतत्त्वं आणि नियम असे दोन भाग. अर्ज सरल संचार ह्या पोर्टलवर. आपल्याला मुंबई आणि नागपूर ही दोन केंद्रं सोयीची. जालना, परभणी, नांदेडकरांना मुंबईला देवगिरी एक्स्प्रेस आहे. पास झाल्यावर लायसन्स हातात पडायला वेळ लागतो, अर्जदाराची चौकशी होते. तोवर धीर धरा. लायसन्स २० वर्षांचं किंवा आयुष्यभराचं घेता येतं.

सुरुवात रिस्ट्रिक्टेडने करा, असं मी सगळ्यांना सांगतो. मोर्सच्या धास्तीने दोन-दोन वर्षं घालवलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि व्हीयू३ वरूनही परदेशी संपर्क होतोच.

क्रम मात्र चुकवू नका: आधी लायसन्स, मग सेट. ऑनलाइन दोन-तीन हजारांत चिनी वॉकीटॉकी दिसतात, त्यांवर 'हॅम' असंही लिहिलेलं असतं. लायसन्सशिवाय असा ट्रान्समीटर बाळगणंच गुन्ह्यात येतं. बटण दाबलं की नाही हा पुढचा प्रश्न. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीवर मार्गदर्शक सूचना काढल्या त्या ह्याच कारणाने. शेतात, यात्रेत, वारीत आपापसात बोलायला काही हवं असेल तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर चालणारे, मान्यतेचा शिक्का असलेले कमी ताकदीचे संच विनालायसन्स वापरता येतात. त्यांचा पल्ला मोकळ्या रानात एखाद-दोन किलोमीटर. ह्यूस्टन त्यावर लागत नाही, पण बांधावरून घराला हाक मारायला ते पुरतात.